नावापुढे ‘एमेरिटस’ कधी आणि कसे लिहावे

निवृत्त झालेला प्रत्येक प्राध्यापक एमेरिटस नसतो. सर्वाधिक चूक इथेच होते. विद्यापीठाने तो मान रीतसर दिलेला असावा लागतो. म्हणून आधी नियुक्तिपत्र पाहा, त्यात मुदत असेल तर तीही तपासा. पत्र नसेल तर ‘निवृत्त प्राध्यापक’ एवढेच लिहा.

मूळ लॅटिन. सेवेची मुदत पुरी करून सन्मानाने मोकळा झालेला रोमन सैनिक म्हणजे ‘एमेरिटुस’. अशाच सैनिकांसाठी ऑगस्टसने इ.स.पू. 25 मध्ये एमेरिटा ऑगस्टा वसवले. तेच आजचे स्पेनमधील मेरिदा.

मराठी पत्रिकेत ‘गुणश्री प्राध्यापक’ लिहावे, ते शोभतेही. ‘मानद प्राध्यापक’ नको. तो मान बाहेरच्या व्यक्तीलाही मिळतो. इंग्रजी पद्धतीने लिहिताना स्त्रियांसाठी ‘एमेरिटा’ही चालते, पण त्यांची पसंती विचारून घ्या.