फायनल जिंकल्यावर ती मॅच परत कशी बघायची

भाऊ, टीम कप जिंकली की लोक नुसता गोलच पन्नास वेळा बघतात, तसं करू नका. 2025 ची एफए कप (इंग्लंडमधला फुटबॉलचा कप) फायनल घ्या, आपलं क्रिस्टल पॅलेस 1, मँचेस्टर सिटी 0. मॅच आपल्याकडे रात्री 9 ला, त्यात मे महिन्यातलं जळगाव, गच्चीची फरशी अजून तापलेली अन वरून टेन्शन, मग काय डोंबल दिसणार. म्हणून हायलाइट्स नको, पूर्ण मॅच लावा, शेवभाजी मागवा, आवाज बंद.

16 व्या मिनिटाला पॅलेसच्या एझेच्या गोलच्या वेळी बॉल सोडा आणि उजवीकडून आपला मुन्योझ कसा पळतो ते बघा, मग क्रॉस (बाजूनं गोलसमोर टाकलेला पास). पुढे हाफ टाइमच्या आधीची सिटीची पेनल्टी, त्यांचा स्टार हालांड असताना मार्मूशने घेतली (का ते देव जाणे) अन आपला गोलकीपर हेंडरसनने झेप मारून अडवली, हे मागे घेऊन घेऊन बघाच. बाकी वेळ बॉल सिटीकडेच, तेव्हा पॅलेसचे मागचे पाच जण एका रेषेत कसे सरकतात तेवढंच बघत बसायचं, बोअर होतं पण मॅच तिथंच जिंकलीय. शेवटची 10 मिनिटं इंजुरी टाइम मात्र आवाज फुल करून, पॅलेसच्या 1990 अन 2016 च्या हरलेल्या एफए कप फायनल माहीत असतील तर अंगावर काटा येतोच.