घरी हातकागद करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भिजवून वाटलेल्या रद्दीच्या लगद्यात फेव्हिकॉल ओतणं. कागद गोंदाने धरत नाही. पाण्यात फुललेले तंतू एकमेकांत गुंततात आणि वाळता वाळता घट्ट बिलगतात, कागदाचा जोर तिथून येतो. गोंद घातलात तर कागद ज्या जाळीवर गाळतो, तिलाच चिकटून बसेल.

रद्दी निवडतानाही घाई नडते. वर्तमानपत्राचा कागद करडा निघतो, शिवाय लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. मुलांच्या जुन्या वह्या, झेरॉक्सचे एका बाजूचे कागद उत्तम. एटीएमची गुळगुळीत पावती नको, तिच्यावर रसायनाचा थर असतो. स्टेपलच्या पिना आधीच काढा. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा कागद सुती चिंध्यांचा असतो. तो दणकटपणा रद्दीत येत नाही, कारण तिच्यातले तंतू आधीच आखूड झालेले असतात. पण म्हणून घरच्या मिक्सरमध्ये चिंध्या घालायला जाऊ नका. दोरे पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते.

रद्दीचे तुकडे रात्रभर भिजवा. मूठभर तुकड्यांना भांडंभर पाणी घ्या आणि थांबत थांबत फिरवा. झालं का ते बघायला चमचाभर लगदा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकून उजेडात धरा. गुठळ्या दिसल्या तर अजून एकदा फिरवा. ढगासारखा सारखा पसरला की थांबा. त्यापुढे फिरवलंत तर तंतू तुटतात.

कागद एका बाजूला जाड, दुसरीकडे विरळ येतो? टबातल्या पाण्यात कालवलेला लगदा ढवळलेला नसतो. लगदा खाली बसतो, त्यामुळे दर वेळी साचा, म्हणजे जाळी ताणलेली चौकट, बुडवण्याआधी हात फिरवा, आणि दोन-तीन कागदांनंतर लगद्याची भर घाला. गोल, पातळ ठिपके पडत असतील तर आपल्याच बोटांवरून ओल्या कागदावर थेंब पडताहेत. बिघडलेला कागद वाळवत बसू नका, साचा उलटा करून पाण्याला टेकवा, लगदा परत टबात जातो.

ओला कागद साच्यावरून कापडावर उतरवताना जाळी सुटत नसेल तर मागून स्पंजने पाणी टिपा. मगच एका कडेने हळूच उचला.

आता खरी डोकेदुखी, वाळवण. ठाण्यात पावसाळ्यात पापडसुद्धा नरम पडतात, तिथे कागदाचं काय? गॅलरीत दोरीवर टाकलात तर दिवसभर ओलाच राहील आणि बुरशी धरेल. आधी दोन पाटांमध्ये, वर वजन ठेवून पाणी पुरतं दाबून काढा, मग कापडासकट खोलीत पंख्याखाली वाळवा. मे महिन्यात उलट त्रास: कडक उन्हात कडा आधी वाळतात आणि कागद पिळवटतो. खिडकीच्या काचेवर चिकटवून सावलीत वाळवा, सपाटही राहील आणि काचेकडची बाजू गुळगुळीत येईल.

पाकळ्या घालायच्या तर झेंडूच्या घाला. गुलाब तपकिरी पडतो, हे दुकानातले नमुने बघून कळत नाही.

वाळलेल्या कागदावर शाई फुटत असेल तर पातळ पेज ब्रशने लावा. जाड लावलीत तर कसर लागेल. तुरटी घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तुरटीने आम्लता वाढते. जपून ठेवायच्या कागदाला ती नकोच.

उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. पाइप तुंबला तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव निघेल. फडक्यातून गाळा, लगद्याचे गोळे करून वाळवून ठेवा, पुढच्या वेळी भिजवले की पुन्हा कामाला येतात.