अमेरिकेचे एअर ब्रेकचे नियम वाचताना या चुका टाळा

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'एफएमव्हीएसएस १२१ प्रमाणे' अशी एक ओळ असते; एफएमव्हीएसएस म्हणजे अमेरिकेची वाहनसुरक्षा मानकं, आणि त्यातलं १२१ हे एअर ब्रेकचं. अमेरिकेला ट्रकचे सुटे भाग पाठवणाऱ्याचा घोटाळा बहुतेक वेळा त्याच ओळीपाशी सुरू होतो.

पहिली चूक आपल्या सवयीतून येते. इथे एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून टाइप अप्रूव्हल, म्हणजे नमुन्याला मंजुरी, घ्यावं लागतं, म्हणून तिकडेही कुणीतरी शिक्का मारत असेल असं आपण धरून चालतो. तिथे वाहनसुरक्षेचे नियम करणारी एनएचटीएसए ना गाडी मंजूर करते, ना भाग. नियम पाळल्याची ग्वाही बनवणारा स्वतः देतो आणि चुकलं तर रिकॉलही त्यालाच करावा लागतो. तेव्हा कॅटलॉगमध्ये 'डीओटी मंजूर' (डीओटी म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं) कृपा करून छापू नका.

शिवाय १२१ हे मानक अख्ख्या नव्या गाडीचं आहे. सुट्या विकलेल्या ब्रेक चेंबरला (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याला) किंवा लायनरला ते थेट लागू होत नाही. सुरक्षेला धोका करणारा दोष निघाला, तर मात्र भाग बनवणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. ब्रेकच्या होजचं, म्हणजे लवचीक नळीचं, प्रकरण निराळं. त्याला एफएमव्हीएसएस १०६ लागतं आणि ते भागाचंच मानक आहे, म्हणून होजवर 'डीओटी' ही अक्षरं लागतातच. तीही बनवणाऱ्याचीच ग्वाही, सरकारची नव्हे.

एनएचटीएसएचे विधी अधिकारी लेखी प्रश्नांना जी पत्रं पाठवतात, ती वाचताना आधी तारीख बघा. भरलेल्या ट्रॅक्टरने (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकने) ताशी ६० मैलांवरून ३५५ फुटांत थांबावं, अशी जुनी अट होती. २००९ च्या दुरुस्तीने बहुतेक ट्रॅक्टरसाठी ती २५० फुटांवर आली. शिवाय पत्रातलं उत्तर विचारणाऱ्याने मांडलेल्या रचनेपुरतं असतं. तुमचा व्हॉल्व्ह वेगळ्या जागी बसत असेल तर ते उत्तर उसनं घेऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: नव्या गाडीचा नियम रस्त्यावरच्या गाडीला लावणं. पहिली विक्री झाली की व्यावसायिक गाडीची देखभाल एफएमसीएसए या ट्रक-बसची सुरक्षा पाहणाऱ्या वेगळ्या सरकारी संस्थेच्या नियमांखाली येते. तपासनीस गाडीखाली शिरतो, पुशरॉडवर (चेंबरमधून बाहेर येऊन ब्रेक लावणाऱ्या दांड्यावर) खडूची रेघ ओढतो, टाकीत ९० ते १०० पीएसआय हवा ठेवून ड्रायव्हरला ब्रेक पूर्ण दाबायला सांगतो आणि रेघ किती सरकली, म्हणजे स्ट्रोक किती, ते मोजतो. साध्या टाइप ३० क्लॅम्प चेंबरला २ इंचांची मर्यादा आहे. दहापैकी दोन ब्रेक सदोष ठरले की गाडी जागेवर उभी.

अशा वेळी मेकॅनिक ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई आपोआप भरून काढणारा भाग, पान्याने आवळून देतो. हे मला फार धोक्याचं वाटतं. स्ट्रोक त्या दिवसापुरता आत येतो, पण झिजलेला बुश, ढिली क्लेव्हिस पिन किंवा बिघडलेला ॲडजस्टर तसाच राहतो आणि पुढच्या उतारावर पुशरॉड पुन्हा तेवढाच बाहेर येतो. स्ट्रोक वाढलेला दिसला की पाना बाजूला ठेवा; आधी पिन, बुश आणि कॅमशाफ्ट हलवून बघा.