ड्वार्फ फोर्ट्रेसमधील मानकऱ्यांचा सांभाळ

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांच्या 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या संगणक-खेळात आपण बुटक्यांचा (ड्वार्फ) एक किल्ला वसवून चालवतो; तो किल्ला बुडण्याची कारणे बहुधा बाहेरून येतात, अशी नवख्या खेळाडूची समजूत असते. गॉब्लिन नावाच्या शत्रूंच्या स्वाऱ्या आणि खाणीत फुटलेले पाणी यांची धास्ती सर्वांनाच असते. परंतु चांगला भरभराटीला आलेला किल्ला आतून पोखरतात ते बरेचदा त्याचे स्वतःचे मानकरी. पुढील सूचना प्रामुख्याने ६ डिसेंबर २०२२ रोजी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर आलेल्या चित्रमय आवृत्तीला धरून आहेत, मात्र २००६ पासून चालत आलेल्या मूळ खेळातील मानकऱ्यांचा स्वभावही फारसा निराळा नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की मानकऱ्यांच्या पडद्यावर दोन अगदी वेगळ्या जातीची माणसे एकाच यादीत दिसतात. मॅनेजर, हिशेबनीस, ब्रोकर (व्यापाऱ्यांशी सौदा करणारा) आणि मुख्य वैद्य हे कामाचे पदाधिकारी असून त्यांची नेमणूक आपण करतो आणि वाटेल तेव्हा बदलतो. महापौर, बॅरन, काउंट, ड्यूक (हे तिघे उमराव) आणि राजा यांचा मान मात्र आपल्या मर्जीवर टिकत नाही. शिवाय त्यांना हुकूम सोडण्याचा अधिकार असतो. पहिल्या वर्गाकडून काम करून घ्यायचे असते, तर दुसऱ्या वर्गापासून इतरांचे काम वाचवायचे असते.

पहिल्या वर्गाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सुरुवातीच्या सात बुटक्यांपैकी एकालाच मॅनेजर, हिशेबनीस आणि ब्रोकर या तिन्ही जागा देता येतात आणि बहुतेक अनुभवी खेळाडू तसेच करतात. त्याला एक टेबल-खुर्चीचे साधे कार्यालय द्यावे, कारण वस्ती वाढल्यावर मॅनेजर कार्यालयात बसून मंजुरी देईपर्यंत कामाचे आदेश कारखान्यांपर्यंत पोहोचत नाहीत. ब्रोकराला वस्तूंची पारख थोडीशी तरी असावी. नाहीतर व्यापाऱ्यांच्या मालाची किंमतच पडद्यावर दिसत नाही. तो झोपलेला असताना काफिला निघून जाऊ नये म्हणून व्यापारचौकीवर कोणालाही सौदा करू देण्याची सोय आहे, तिचा उपयोग निःसंकोच करावा. मुख्य वैद्याचे पद मात्र कधीही रिकामे ठेवू नये.

खरा प्रश्न वस्ती सुमारे ५० वर गेल्यावर सुरू होतो. तोपर्यंत मोहिमेचा म्होरक्याच किल्ल्याचा कारभार पाहत असतो. त्यानंतर बुटके महापौर निवडतात आणि त्या निवडणुकीत आपल्याला मत नसते. ज्याची मैत्री अधिक तो निवडून येतो, त्यामुळे कायम पिठ्यात बसून गप्पा छाटणारा एखादा मासेमार अचानक किल्ल्याचा प्रथम नागरिक होतो. महापौरपद पुन्हा दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून त्या पदासाठी कार्यालय, शयनगृह आणि भोजनकक्ष असा एक संच कायमचा राखून ठेवावा आणि निवडणुकीनंतर केवळ त्याची मालकी बदलावी.

या खोल्यांची प्रतवारी किमतीवर ठरते. ५०० च्या पुढची खोली बरी समजली जाते, १००० च्या पुढची उत्तम आणि १०,००० च्या पुढची राजेशाही. सोन्याचे फर्निचर हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, पण त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे भिंती व जमीन घासून गुळगुळीत करणे आणि त्यांवर कुशल कारागिराकडून नक्षी कोरून घेणे. खोली मौल्यवान खनिजाच्या शिरेतच खोदली, तर घासलेल्या भिंतीलाच भाव येतो. मात्र साध्या बुटक्यांच्या खोल्या उमरावांच्या खोल्यांपेक्षा देखण्या होणार नाहीत याची काळजी घ्यावी. हा मत्सर खेळात खरोखर मोजला जातो. आपल्या लाडक्या खाणकामगाराला हौसेने नक्षीदार महाल देणारा खेळाडू महापौराच्या रुष्टतेचे कारण मग दुसरीकडेच शोधत राहतो.

मागणी आणि हुकूम यांतील फरक ज्याला कळला, त्याचा निम्मा त्रास संपला असे मी समजतो. मागणी म्हणजे अमुक वस्तू माझ्या खोलीत हवी असा हट्ट असून ती पुरी न केल्यास मानकरी नाराज होतो, इतकेच. हुकूम निराळा: अमुक वस्तूचे दोन-तीन नग ठरावीक मुदतीत बनवा, किंवा अमुक प्रकारचा माल परदेशी विकू नका. तो मोडला तर शिक्षा होते, आणि ती हुकूम देणाऱ्याला नव्हे तर एखाद्या कारागिराला किंवा ओझे वाहणाऱ्याला. येथे एक बारकावा अनेकांना महागात पडतो: कोठारात आधीपासून पडलेल्या वस्तू हुकुमाच्या पूर्ततेत धरल्या जात नाहीत, हुकूम सुटल्यानंतर त्या नव्याने घडवाव्या लागतात. निर्यातबंदी लागू असताना काफिला आला, तर चौकीवर माल नेण्यापूर्वी मानकऱ्यांचा पडदा एकदा उघडून पाहावा.

हुकूम लहरीतून येत असला तरी त्या लहरीला आवडीनिवडीचा आधार असतो. प्रत्येक बुटक्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या नोंदीत त्याला कोणता धातू, कोणता दगड आणि कोणती वस्तू आवडते ते लिहिलेले असते. माझ्या एका किल्ल्यात वाळूचा कणही नव्हता आणि महापौराला काचेचे वेड होते. त्या काळात मी तुरुंग वाढवण्यापलीकडे काही करू शकलो नाही. म्हणूनच राजधानीचा दूत जेव्हा तुमच्यापैकी एकाला बॅरन करावे असे सुचवतो, तेव्हा ती निवड घाईने करू नये. कर्तबगारी, वय, युद्धकौशल्य यांपैकी काहीही पाहू नये. ज्याला दारे, कपाटे किंवा किल्ल्यात मुबलक मिळणारा दगड आवडतो, असा बुटका शोधून त्याच्या गळ्यात ते पद घालावे. बॅरनचे पद वारशाने पुढे जाते, म्हणून घरातील मंडळींच्या आवडीही वाचून घ्याव्यात.

शिक्षेची व्यवस्था सौम्य ठेवणे आपल्या हातात आहे. शिक्षा देणारा शेरीफ, आणि महापौर आल्यानंतर पहाऱ्याचा कॅप्टन, हा शक्यतो दुबळा व शस्त्र न वापरणारा असावा. सैन्यातला सर्वांत बलवान योद्धा या जागी नेमण्याचा मोह होतो, परंतु त्याने दिलेला 'चोप' म्हणजे अनेकदा हाडे मोडणे किंवा थेट मृत्यू असतो. पुरेशा साखळ्या व पिंजरे असलेला तुरुंग बांधला तर चोपाऐवजी कैद होते आणि उत्तम लोहार जिवंत राहतो. हॅमररच्या, म्हणजे हातोड्याने शिक्षा देणाऱ्याच्या, हाती जड धातूचा हातोडा पडू नये, हेही त्याच कारणाने.

इतके करूनही एखादा उमराव असह्य झाला, तर खेळाडूंच्या जुन्या परंपरेत 'दुर्दैवी अपघात' नावाचा उपाय आहे: बाहेरून बंद होणारे दार, उचलता येणारा पूल, किंवा खोलीत येऊन पोहोचणारा लाव्हा. तो योजण्यापूर्वी वारस कोण हे पाहावे, कारण नवा बॅरन जुन्याहून हट्टी निघू शकतो. अपघाताआधी शवपेटीसह थडगे तयार असावे, कारण अंत्यसंस्कार न झालेला बुटका भूत होऊन किल्ल्यात परततो. लाव्हात शरीर उरत नाही, तेव्हा त्या खेपेस दगडी पाटीवर मृताचे नाव कोरून ती योग्य जागी बसवावी लागते.