सोलापूर विमानतळावर उतरून नव्या हॉटेलवर जायचंय? आधी हॉटेलचा चौक विचारून घ्या

आमच्याकडं भाच्याचं लग्न होतं आणि मुंबईची मामी पहिल्यांदाच विमानानं सोलापूरला आली. एवढी वर्षं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी स्टेशनवर उतरायची. पाहुण्यांची सोय शहरात नुकत्याच उघडलेल्या मोठ्या हॉटेलात केलेली, रूम मस्त, लॉन मस्त, सगळं मस्त, पण विमानतळावरून तिथं पोचायलाच मामीला तासभर लागला. तुमच्या पाहुण्यांचं असं होऊ नये म्हणून सगळं नीट लिहितेय.

पहिलं म्हणजे विमानतळ होटगी रोडला आहे. बोरामणीला नुसत्या ठरलेल्या, न झालेल्या विमानतळाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं म्हणून घोळ होतो, तर तिकडं जायचं नाही. होटगी रोडच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, गोव्याचं विमान ९ जून २०२५ पासून आणि मुंबईचं १५ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालं. त्याआधी विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली, जून २०२३ मध्ये, तेव्हा सगळं गाव बघत होतं.

विमानतळ छोटा आहे, त्यामुळं चालायला फार नाही आणि सामान मिळालं की माणूस लगेच बाहेर. म्हणून घ्यायला जाणाऱ्यानं विमान उतरायच्या आधीच तिथं थांबायचं, पुण्या-मुंबईच्या हिशोबानं अर्ध्या तासानं गेलात तर पाहुणा बॅगा घेऊन उन्हात उभा असतो, आणि एप्रिल-मेमधलं सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको.

गाडीचं आदल्या दिवशीच बघा. मोठं हॉटेल असेल तर रिसेप्शनला फोन करून सरळ विचारायचं, पिकअप आहे का, फुकट आहे की बिलात लावणार, आणि ड्रायव्हरचा नंबर आजच द्या. नंबर मिळाला की त्याला फ्लाइट नंबर पाठवून ठेवा, म्हणजे विमान लेट झालं तरी त्याला कळतं. उतरल्यावर अ‍ॅपवर गाडी शोधू असं डोक्यात ठेवू नका, मिळाली तर ठीक, पण वयस्कर माणसं आणि लग्नाच्या बॅगा सोबत असताना त्या भरवशावर बसू नये. रिक्षा केली तर बसायच्या आधी भाडं ठरवा, सामानासकट किती ते विचारा, आणि हॉटेलवाल्यांना आधीच विचारून ठेवा की साधारण किती घेतात.

आता मुख्य गोष्ट. नवीन हॉटेलचं नाव रिक्षावाल्याला माहीत नसतं आणि त्यात त्याची चूक नाही, सोलापुरात पत्ता नावानं चालतच नाही, चौकानं चालतो. मामी नाव सांगत होती, फोनवर इंग्रजी स्पेलिंग दाखवत होती, शेवटी तो बिचारा म्हणाला, "मावशी, आधी तिथं काय होतं तेवढं सांगा की, बरोबर सोडतो." मामीला काय माहीत आधी काय होतं! मग मला फोन लावला, मी रिक्षावाल्याला चौक सांगितला आणि आधी तिथं कुठलं मंगल कार्यालय होतं ते सांगितलं, तो लगेच "हां हां, तिथं व्हय" म्हणाला आणि निघाला. म्हणून बुकिंग करतानाच हॉटेलला तीन गोष्टी विचारा: जवळचा चौक कुठला, समोर काय आहे, आणि आधी त्या जागेवर काय होतं. मेसेजमध्ये मराठीत लिहून पाहुण्यांना पाठवा, म्हणजे त्यांनी नुसतं वाचून दाखवलं तरी पुरे.

रस्ता तसा सोपा आहे. विमानतळातून होटगी रोडला लागायचं आणि शहराकडं वळायचं, होटगी गावाकडं नाही. पुढं आसरा चौक येतो. हॉटेल जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला असेल तर आसराचा रेल्वे पूल ओलांडून जायचं, सात रस्ता किंवा स्टेशनच्या बाजूला असेल तर तसंच सरळ गावात. स्टेशनपर्यंत साधारण सात-आठ किलोमीटर धरा. रस्ता मोकळा असला तर वीस-पंचवीस मिनिटांत होतं, पण उसाचा हंगाम असेल तेव्हा होटगी रोडला उसाचे ट्रॅक्टर लागतात, एकामागं एक दोन-दोन ट्रॉल्यांचे, आणि अंधारात त्यांना ओव्हरटेक करायला ड्रायव्हरला घाई करू नका, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालतंय.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची, म्हणजे गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा मात्र वेगळा विचार करायचा. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की सिद्धेश्वर मंदिर, होम मैदान, पार्क चौक या भागात गाडी शिरणं अवघड होतं. त्या दिवसांत गावातल्या हॉटेलचं बुकिंग असेल तर कुठल्या बाजूनं यायचं ते हॉटेललाच विचारा, तिथली माणसं रोज ये-जा करतात, त्यांना बरोबर माहीत असतं.

आणखी एक, मॅपवरचं लोकेशन. आमच्या हॉटेलचं पिन मागच्या गेटवर पडत होतं, तिथं लोखंडी गेट बंद, आत टाइल्सचे खोके रचलेले आणि वॉचमन पण नाही. मामीचा रिक्षावाला पाच मिनिटं तिथं हॉर्न वाजवत उभा. लॉबीचं गेट वेगळं, लग्नाच्या लॉनचं वेगळं, असं बऱ्याच नव्या हॉटेलांत असतं. म्हणून मॅपमध्ये नाव टाकण्याऐवजी रिसेप्शनवरच्या माणसाला लॉबीच्या दारात उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा, आनंदानं पाठवतात.

सकाळचं विमान असेल तर रूम लगेच मिळेल का तेही फोनवरच विचारून घ्या. मिळणार नसेल तर बॅगा रिसेप्शनला ठेवून पाहुण्यांना घरी घेऊन या, कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही वाढा, तोवर रूम तयार होते.