पेशीबाह्य पुटिकांवरील चर्चासत्रासाठी सारांश मागवताना या चुका टाळा

चर्चासत्रासाठी सारांश कमी आले, किंवा आले ते विषय सोडून आले, की संयोजक संशोधकांच्या अनास्थेला बोल लावतात. पण बहुतेक वेळा दोष आपणच पाठवलेल्या पत्रकात असतो.

पहिली चूक शीर्षकातच होते. पेशींमधून बाहेर पडणाऱ्या, पटलाने वेढलेल्या सर्व सूक्ष्म कणांना, म्हणजेच पेशीबाह्य पुटिकांना, सरसकट 'एक्सोसोम' म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. एक्सोसोम ही पेशीच्या आतल्या एंडोसोम नावाच्या कप्प्यात तयार होऊन बाहेर टाकली गेलेली, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरची पुटिका असते, तर मायक्रोव्हेसिकल पेशीच्या बाह्य पटलाला फुगवटा येऊन सुटते आणि तिचा आकार सुमारे १०० ते १,००० नॅनोमीटर असतो. आकारांची ही सरमिसळ असल्यामुळे केवळ मोजमापावरून उगम ठरत नाही, आणि म्हणूनच इंटरनॅशनल सोसायटी फॉर एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्सच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी उगम सिद्ध केल्याखेरीज 'पेशीबाह्य पुटिका' हेच व्यापक नाव वापरण्याचा आग्रह धरला. आम्ही एकदा पत्रकावर नुसते 'एक्सोसोम' छापले, तेव्हा प्लेटलेटच्या मायक्रोव्हेसिकल्सवर काम करणाऱ्या एका गटाने 'आमचे काम यात बसत नाही' असे कळवले. गंमत म्हणजे, १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी 'प्लेटलेटची धूळ' म्हणून वर्णिलेले कण हे या क्षेत्राच्या सुरुवातीच्या नोंदींपैकीच आहेत.

दुसरी चूक अधिक महागात पडते. 'सारांश २५० शब्दांत पाठवावा' एवढेच लिहिले, की 'नमुना १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या लाख पट) बलाने फिरवून एक्सोसोम मिळवले' अशी ओळ आणि कणसंख्येचा आलेख हाती येतो. असे फिरवल्यावर तळाशी बसणाऱ्या गाळात लिपोप्रोटीन (रक्तातून चरबी वाहून नेणारे कण) आणि प्रथिनांचे पुंजकेही उतरतात, आणि कण मोजणारे यंत्र पुटिका कोणती व पुंजका कोणता हे सांगत नाही. म्हणून अर्जात नमुन्याचा स्रोत, विलगीकरणाची पद्धत, सीडी९, सीडी६३, सीडी८१ यांसारख्या खुणा (पुटिकांच्या पटलावरची ओळख पटवणारी प्रथिने) आणि भेसळ तपासण्यासाठी वापरलेले प्रथिन यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. पेशी गोवंशीय सीरममध्ये (गाईवर्गीय जनावराच्या रक्तातल्या द्रवात) वाढवल्या असतील, तर त्या सीरममधल्या पुटिका आधी काढल्या होत्या का, हेही विचारावे. मात्र एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचे चित्र नाही म्हणून त्याचा अर्ज बाद करू नये. त्याला भित्तिपत्रकाची जागा द्यावी; परीक्षकांच्या प्रश्नांतून त्याचे पुढचे काम सुधारते.

मुदतीबद्दल फार सांगायला नको: परीक्षेच्या आठवड्यात ती ठेवू नये, आणि वाढवायचीच असेल तर एकदाच वाढवावी.

एक बाब मात्र पत्रकात हमखास राहून जाते. सारांश छापील पुस्तिकेत येणार की फक्त परीक्षकांपुरता राहणार, हे लिहिलेले नसते. निदानचाचणीवर काम करणाऱ्यांना पेटंटचा अर्ज करण्याआधी माहिती प्रसिद्ध झाल्यास अडचण येऊ शकते, त्यामुळे ते गप्प राहणे पसंत करतात. 'पुस्तिकेत केवळ शीर्षक छापावे' असा पर्याय अर्जातच दिला, तर असे लोकही सारांश पाठवतात.