पाळी चुकली? घरची टेस्ट आणि रक्तातला एचसीजी कसा बघायचा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात अजूनही पाळी चुकली की पोरी आठ-पंधरा दिवस कुणाला सांगत नाहीत, मग मेडिकलमधनं कागदात गुंडाळून आणलेली पट्टी दुपारी घाईघाईत, तांब्याभर पाणी पिऊन वापरतात आणि एकच रेघ आली की गप्प बसतात. असं करू नका.

गर्भ पिशवीला चिकटला की पुढं ज्याची वार होते त्या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन सोडतात, आधी रक्तात मग लघवीत. त्यामुळं पाळीची तारीख उलटू द्या. पट्टीची एक्सपायरी बघा, सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या वाटीत घ्या, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब ड्रॉपरनं घाला आणि घड्याळ लावून पाच मिनिटांत बघा. पट्टीवर सी आणि टी अशी दोन अक्षरं असतात. सी जवळ रेघच नाही तर पट्टी खराब. टी जवळ फिकट का असेना, रंगाची रेघ आली तर दिवस गेलेत असं धरा. अर्ध्या तासानं उमटलेली राखाडी रेघ धरू नका. काहीच नाही आणि पाळीही नाही, तर तीन दिवसांनी परत करा.

मुलासाठी ट्रीटमेंट चालू असेल तर बीज सुटायला एचसीजीचंच इंजेक्शन देतात, 5000 किंवा 10000 युनिटचं. ते दहा-चौदा दिवस अंगात राहतं आणि पट्टी उगाच दोन रेघा दाखवते, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच तपासा.

आता रक्ताची बीटा एचसीजी. 5 च्या खाली म्हणजे नाही, 25 च्या वर म्हणजे होय, मधला आकडा आला तर दोन दिवसांनी परत. पण एका आकड्यावर जाऊ नका हो, 48 तासांनी त्याच लॅबमध्ये परत द्या, सुरुवातीला तो दोन-तीन दिवसांत दुपटीच्या आसपास जायला पाहिजे. माझ्या जावेचा 310 आला, घरात पेढेसुद्धा आले, दोन दिवसांनी 350. भर पावसात कणकुंबीकडनं बेळगावला नेलं, सोनोग्राफीत गर्भ पिशवीत नाही, नळीत निघाला. लवकर कळलं म्हणून इंजेक्शनवर भागलं, ऑपरेशन टळलं.

ओटीपोटात एका बाजूला कळ, खांदा दुखणं, चक्कर, रक्त जाणं, यातलं काही झालं तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा.

सगळं ठीक असेल तर आशाताईंना सांगून तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी कार्ड) काढा, आणि दोन्ही रिपोर्ट त्यातच ठेवा.